इंजेक्टर उतरवण्याआधी: इंजेक्शनची गाडी तपासायची आणि दुरुस्त करायची कशी

काही वर्षांपूर्वी जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, जांबोटीकडची एक छोटी पेट्रोल गाडी माझ्या बेळगावच्या गॅरेजात आली. "मेस्त्री, चढ आला की गाडीचा दमच निघून जातोय, गचके मारतेय," मालक म्हणाले. मी लक्षणं ऐकली आणि थेट इंजेक्टरवर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागावर, हात घातला. चारही उतरवले, साफ केले, बसवले. गाडी पाच-सहा किलोमीटर नीट चालली आणि पुन्हा तसंच. दुसऱ्या दिवशी मागची सीट उचलली तेव्हा दिसलं, की फ्युएल पंपाच्या अर्थिंगचं टोक गंजून हिरवं पडलं होतं. पंपाला बारा व्होल्टऐवजी जेमतेम साडेनऊ मिळत होते. टोक घासून, नवीन लग लावून काम झालं दहा मिनिटांत, पण त्या माणसाचा दीड दिवस माझ्यामुळे वाया गेला.

तेव्हापासून क्रम पक्का केला: आधी वीज, मग दाब, मग हवा, आणि इंजेक्टर सगळ्यांत शेवटी. पुढचं सगळं याच क्रमाने सांगतो. गॅरेजात नव्याने शिकणाऱ्या पोरांसाठी हे आहेच, पण आपल्या गाडीचं बिल कशाचं झालं हे समजून घ्यायचं असेल त्या मालकांनीही वाचावं.

यंत्रणा कशी चालते

कार्बोरेटरच्या काळात इंजिन हवा ओढायचं आणि त्या ओढीबरोबर पेट्रोल वर यायचं. २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आपल्याकडच्या गाड्यांतून कार्बोरेटर हळूहळू गेला. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल ओढलं जात नाही, ढकललं जातं. किती ढकलायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. त्याला आपण सगळे ईसीयू म्हणतो.

टाकीच्या आत विजेवर चालणारा पंप असतो. तो पेट्रोल फिल्टरमधून इंजिनावरच्या रेलपर्यंत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीपर्यंत, नेतो. बहुतेक छोट्या गाड्यांत हा दाब तीन ते चार बारच्या दरम्यान असतो. रेलला प्रत्येक सिलिंडरसाठी एक इंजेक्टर जोडलेला असतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारा अगदी बारीक नळ. आत तांब्याच्या तारेची कॉइल, स्प्रिंग, आणि टोकाला सुईसारखी झडप. कॉइलमध्ये वीज आली की झडप उचलली जाते आणि पेट्रोलचा धुक्यासारखा फवारा उडतो.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढे तपासताना तीच कामाला येते. चावी ऑन केली की इंजेक्टरच्या एका वायरला बारा व्होल्ट कायम मिळत राहतात. ईसीयू दुसरी वायर क्षणभर अर्थला जोडतो, तेवढाच वेळ इंजेक्टर उघडतो. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, हा वेळ दोन ते चार मिलिसेकंद असतो. इंजिन ८०० आरपीएमवर चालत असेल तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. दाब कायम असेल तर किती वेळ उघडा राहिला यावरून किती पेट्रोल गेलं हे ठरतं. म्हणून दाब कमी झाला की ईसीयूचा सगळा हिशेब चुकतो.

हा हिशेब करायला ईसीयूला माहिती लागते. क्रँक सेन्सर इंजिनाचा वेग आणि स्थिती सांगतो. मॅप सेन्सर आत येणाऱ्या हवेचा दाब सांगतो. एक सेन्सर हवेचं तापमान सांगतो, एक कूलंटचं. शुद्ध पेट्रोलसाठी एका ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा हे गणित असतं. जळून झाल्यावर सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो, आणि ईसीयू पुढच्या फवाऱ्यात तेवढी दुरुस्ती करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, ती टक्क्यांत दिसते (अधिक म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय) आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत तिच्याइतका उपयोगी आकडा दुसरा नाही.

इथे बेळगावकरांसाठी एक खास गोष्ट. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन केली, तर मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पणजीत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास येईल, बेळगावात ९२-९३. नवी पोरं पुस्तकातला १०१ चा आकडा बघतात आणि सेन्सर गेला म्हणून नवीन मागवतात. सेन्सर बरोबरच असतो, हवाच इथे तेवढी विरळ असते. चोर्ला घाट उतरून गोव्याकडे जाताना हाच आकडा हळूहळू चढत जातो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल वाढवत जातो. कार्बोरेटरला हे जमत नव्हतं.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साठते. म्हणून पेट्रोल लाइनचं काम खड्ड्यावर उभ्या गाडीत कधीच करू नका. उघड्यावर, वारा असलेल्या जागी करा. जवळ पेटता गॅस, वेल्डिंग, तारा लोंबणारा हँडलॅम्प, विडी-सिगारेट काहीही नको. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा.

लाइन सोडवण्याआधी दाब उतरवायचा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल. मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. एवढं करूनही जोडावर कापड धरूनच लाइन सोडा, थोडं पेट्रोल उडतंच. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

पहिली पायरी: ऐका आणि कोड वाचा

मागची सीट, शांत जागा, चावी ऑन. टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घूं ऐकू आली पाहिजे. आली नाही तर रिले (विजेवर चालणारा स्विच), फ्यूज, वायरिंग, पंप या क्रमाने जा. त्यातही रिले आधी बघा. शेजारचा तसाच रिले अदलून-बदलून लावला की एका मिनिटात कळतं.

मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावा. आता साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावरही बरंच काम भागतं. आमच्या गॅरेजात अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कानडीत चालतं, पण कोड, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, सगळ्यांना एकच. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त. पी०१७२ म्हणजे घट्ट, पेट्रोल जास्त. पी०३०० म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही. शेवटी १, २, ३, ४ आकडा आला तर तो सिलिंडर. पी०२०१ ते पी०२०४ म्हणजे त्या-त्या इंजेक्टरच्या विजेच्या वाटेत खोट. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सर.

कोड आजार सांगतो, कुठला पार्ट गेला हे सांगत नाही. पी०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलून देणारे मी खूप पाहिलेत. पण तो सेन्सर बहुतेक वेळा खरंच सांगत असतो, की पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा चोरून आत येतेय.

या दोन्हींतला फरक फ्युएल ट्रिम दाखवतो. इंजिन गरम करा आणि आयडलला आकडा बघा. मग अडीच हजार आरपीएमवर धरून पुन्हा बघा. आयडलला ट्रिम वीसच्या वर आणि रेस दिल्यावर पाच-सातवर आली, तर हवा गळतेय. कारण आयडलला आत ओढ सगळ्यांत जास्त असते, तेव्हाच ती भेगेतून जास्त शिरते. याउलट आयडलला ठीक आणि चढावर, लोडवर ट्रिम वाढत गेली, तर पेट्रोल पुरत नाही: पंप, फिल्टर किंवा जाम झालेले इंजेक्टर. साधारण दहाच्या आत, वर किंवा खाली, असेल तर चिंता नको.

ई२० चा मुद्दा इथेच येतो. अथणी, चिकोडी, गोकाक, हुक्केरी हा आपला उसाचा पट्टा, आणि उसाच्या मळीतून व रसातून निघणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे ई२० साठी १४.७ ऐवजी साधारण १३.५ चं प्रमाण येतं. म्हणून जुन्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाडीत ट्रिम चार-सात टक्के वर दिसली, तर त्यावरून लगेच बिघाड ठरवू नका. ईसीयू त्याचं काम नीट करतोय.

दुसरी पायरी: वीज

मल्टिमीटर घ्या. इंजेक्टरचा कनेक्टर काढा, चावी ऑन करा, एका पिनला बॅटरीइतके व्होल्ट आले पाहिजेत. एकालाही येत नसतील तर मेन रिले किंवा फ्यूज. एकाच इंजेक्टरला येत नसतील तर त्याची वायर.

मग चावी बंद करून इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत तो १२ ते १६ ओहम येतो. चारही एकमेकांच्या जवळ हवेत. तीन १४ च्या आसपास आणि एक ९ किंवा एकदम अनंत दाखवत असेल, तर तो गेला. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या नव्या इंजिनांना हे आकडे लागू नाहीत. तिथले इंजेक्टर वेगळे, व्होल्टेज जास्त, दाब शंभर-दोनशे बारचा. त्या गाड्यांच्या कनेक्टरशी खेळू नका.

ईसीयू खरंच इंजेक्टर उघडतोय का, हे बघायला इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये बसणारा छोटा टेस्ट दिवा मिळतो. सेल्फ मारताना तो लुकलुकला पाहिजे. चारही कनेक्टरमध्ये लुकलुकत नसेल तर क्रँक सेन्सरकडे वळा. क्रँकचा सिग्नल नसेल तर ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही.

अर्थिंग तपासायची खरी रीत म्हणजे पंप चालू असताना पंपाची निगेटिव्ह वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजणे. ०.२ च्या वर आले तर वाटेत कुठेतरी गंज आहे. पंप बंद ठेवून नुसता रेझिस्टन्स मोजला तर हा दोष बऱ्याचदा सापडत नाही. जांबोटीच्या गाडीत मी हेच एक मोजमाप आधी केलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. खानापूर, कणकुंबी भागात पाऊस इतका पडतो, की चार महिने गाडी ओलीच असते. तिकडच्या गाडीत अर्थिंग पहिल्यांदा बघा.

आणि उंदीर. ऊसतोड झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे येतात आणि उबेला बॉनेटखाली शिरतात. इंजेक्टरच्या वायरिंगवरचं प्लास्टिक ते कुरतडतात. बाहेरून टेप नीट दिसते, आतली तार अर्धी तुटलेली असते. इंजिन चालू ठेवून वायरिंग हळूच हलवा. गचका आला की जागा सापडली. जोड देताना नुसती पिळून टेप गुंडाळू नका, झाळून वर आकसणारी नळी चढवा.

तिसरी पायरी: दाब

रेलच्या आधी टी आकाराचा जोड देऊन दाब मोजायचा गेज लावा. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात बघा. पंप चालू असताना दाब बरोबर आहे का, रेस दिल्यावर टिकतो का, आणि चावी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं धरून राहतो का, या तीन गोष्टी बघायच्या. दाब लगेच उतरत असेल आणि सकाळी गाडी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय लागत नसेल, तर पंपातली परत येऊ न देणारी झडप गेली किंवा एखादा इंजेक्टर ठिबकतोय. रबरी होज असेल तर ती पंप आणि रेलच्या मध्ये चिमटून बघता येते. तरीही दाब उतरला तर दोष इंजेक्टरकडे. प्लास्टिकची लाइन मात्र चिमटू नका, तिला भेग पडते.

पंप का जातो, हेही सांगतो. टाकीतलं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. रोज शंभर-शंभर रुपयांचं पेट्रोल भरून काटा लाल खुणेवरच ठेवणाऱ्यांच्या गाडीचे पंप लवकर जळतात. टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका.

पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्यांची गाडी गावात सहा-सहा महिने उभी असते आणि गणपतीला आल्यावर लागत नाही, असं दरवर्षी होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ते फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं साचतं, आणि पंप तळातूनच ओढतो. अशा गाडीचं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून, पुसून, नवीन पेट्रोल भरा आणि फिल्टर बदला. इंजेक्टरला तोपर्यंत हात लावू नका.

चौथी पायरी: हवा

एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारी चकती असलेला भाग), आणि त्या दोघांमधली रबरी होज. होजच्या घड्यांमध्ये भेग असते, ती हाताने ताणल्याशिवाय दिसत नाही. थ्रॉटलची चकती मळली असेल तर थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने जोरात ढकलू नका, आतले दात तुटतात. साफ केल्यावर आयडल पुन्हा शिकवावं लागतं. काही गाड्यांत ते स्कॅनरने होतं, काहींत चावी ऑन ठेवून थांबलं की आपोआप.

कूलंट सेन्सर विसरला जातो. वीस अंशांना त्याचा रेझिस्टन्स दोन-अडीच हजार ओहम असतो, ऐंशीला तीनशेच्या आसपास. तो बिघडून इंजिन कायम थंड असल्याचं सांगत राहिला, तर गाडी पेट्रोल पीत राहते, काळा धूर मारते, अ‍ॅव्हरेज पडतं. लोक मात्र इंजेक्टर साफ करून घेतात.

आता इंजेक्टर

एवढं सगळं नीट असेल तरच रेल उतरवा. इंजिन चालू असताना लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावा. टिक-टिक चारहींची सारखी हवी. एकाची मंद असेल तर तो अडकतोय.

उतरवण्याआधी सभोवतालची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवा, नाहीतर लाल माती थेट व्हॉल्व्हवर पडेल. रेलचे बोल्ट सोडा, रेल दोन्ही हातांनी सरळ वर उचला, तिरकी ओढू नका. प्रत्येक इंजेक्टरवर सिलिंडरचा नंबर लिहा. उघड्या भोकांत स्वच्छ कापड.

सफाई अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये करायची. टोक द्रावणात बुडवून, विजेचे झटके देत, वीस-तीस मिनिटं. मग टेस्ट बेंचवर चारही एकत्र चालवा आणि काचेच्या नळ्यांत किती पेट्रोल साचतं ते बघा. चारहींत पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर उत्तम. दहाच्या वर गेला तर तो बदला. फवारा शंकूसारखा आणि धुक्यासारखा हवा, धार नको. दाब देऊन बंद ठेवल्यावर मिनिटभर थेंब पडता कामा नये. मालकांनी मेस्त्रीकडे सफाईच्या आधीचे आणि नंतरचे आकडे मागावेत. तो तुमचा हक्क आहे.

घरी बॅटरीच्या दोन वायरी आणि कार्ब क्लीनरचा डबा घेऊन इंजेक्टर साफ करायचे व्हिडिओ फिरतात. वायर जोडताना ठिणगी उडते आणि समोर पेटणारा फवारा असतो. बारा व्होल्ट सलग दिले तर कॉइल जळते ती वेगळीच. आणि टोकाच्या भोकात सुई किंवा तार घालू नका. ते भोक इतकं नेमकं असतं, की एका ओरखड्याने फवारा कायमचा वाकडा होतो.

बसवताना ओ-रिंग (रबरी कड्या) नव्या. जुनी कितीही चांगली दिसो, टाकून द्या. इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने लावून दाबा. फिरवून घातली तर ती कापली जाते. वरची बारीक जाळी असेल तर तीही बदला. मग इंजिन चालू न करता चावी तीनदा ऑन-ऑफ करा आणि प्रत्येक जोडावर बोट फिरवून ओल बघा. कोरडं असेल तरच सेल्फ.

डिझेलवाल्यांसाठी

कॉमन रेल डिझेलमध्ये हाच क्रम, पण धोका वेगळा. तिथे रेलमधला दाब १६०० बारपर्यंत आणि काहींत त्याहून वर जातो. जुन्या पंपाच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची लाइन सैल करून बघायची सवय होती. कॉमन रेलला हे करू नका. तो फवारा हातमोज्यातूनही कातडीच्या आत शिरतो. बाहेर सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखत नाही, आणि आत मांस सडायला लागतं. असं कुणाला झालं तर वाट न बघता थेट शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

इंजेक्टरची अवस्था बघायला परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडा आणि इंजिन काही मिनिटं चालवा. एका बाटलीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त डिझेल आलं तर तो आतून झिजलाय. सेल्फ मारताना रेलचा दाब साधारण दोनशे बारपर्यंतही चढत नसेल आणि गाडी लागत नसेल, तर बहुतेक वेळा कारण याच गळतीत किंवा पंपाच्या आधीच्या फिल्टरमध्ये असतं. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात दर महिन्याला काढा. पाण्याने आतली झडप गंजते आणि तो खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

नवा इंजेक्टर बसवताना तांब्याचं वॉशर नवं, बसण्याची जागा कार्बन खरवडून स्वच्छ, आणि अंगावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत भरलेला. हा कोड न भरता गाडी दिली की महिन्याने खडखड आणि धुराची तक्रार घेऊन ती परत येते.

सीमेवर इंधनाच्या दरात फरक पडला की कोगनोळी, निपाणीच्या पंपांवर महाराष्ट्रातल्या गाड्यांची रीघ लागते. त्या घाईत चुकून डिझेलऐवजी पेट्रोल भरलं गेलं, तर चावी ऑनसुद्धा करू नका. ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. कॉमन रेल पंपाला डिझेलच वंगण असतं, पेट्रोलने तो कोरडा घासतो.

पुन्हा पेट्रोल गाडीकडे: काम झाल्यावर कोड पुसा आणि स्कॅनर लावूनच गाडी चालवायला काढा. गल्लीत एक फेरी मारून गाडी देऊ नका. निपाणीजवळ असाल तर तवंदी घाट, बेळगावात असाल तर जांबोटी रस्त्याचे चढ. शेजारी एकाला मोबाइलवर ट्रिम बघायला बसवा. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, दमून चालताना ट्रिम दहाच्या आत राहिली पाहिजे. परत आल्यावर पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड बघा, रेलभोवती पुन्हा एकदा बोट फिरवा, आणि आकडे तारीख घालून वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीच गाडी आली की त्या वहीचं पान उघडून कामाला लागायचं.